फलकावर 'सुस्वागतम्' की नुसतं 'स्वागतम्'?

सचिव: रविवारच्या स्नेहसंमेलनाचा फलक छापायला टाकतोय. मजकूर: 'सर्व पाहुण्यांचे हार्दिक स्वगत'. चालेल ना?

लेले काकू: अहो थांबा! स्वगत म्हणजे नाटकात पात्र स्वतःशीच बोलतं ते. काना राहिलाय 🙏

सचिव: बापरे 😅 मग सरळ 'सुस्वागतम्' करतो. भारदस्त वाटतं.

लेले काकू: 'सु' आधीच आत आहे हो. सु + आगत = स्वागत. पुढे उ-ऊ सोडून दुसरा स्वर आला की 'सु'मधल्या उ चा व होतो. सु + अल्प = स्वल्प, तसंच. सु म्हणजे चांगलं, आगत म्हणजे आलेला. सुस्वागतम् म्हटलं की दोनदा 'सु'.

निखिल: मग चूक का?

लेले काकू: मी तरी खोडणार नाही. जोर द्यायला माणूस दोनदा म्हणतोच. पण फलकावर एक पुरे.

निखिल: म्हणजे अगदी वेल + कम!

राजवाडे काका: तिथेच गंमत आहे. वेलकममधलं 'वेल' मुळात 'चांगलं' नव्हतं. जुन्या इंग्रजीतला शब्द 'विल्कुमा'. 'विल' म्हणजे इच्छा, 'कुमा' म्हणजे येणारा. हवाहवासा पाहुणा! फ्रेंचांकडे 'चांगलं आलेला' अशा घडणीचा शब्द होता, त्याच्या वळणाने पुढे विलचं वेल झालं. 'कम' मात्र आपल्या 'गम्' धातूचा सख्खा चुलतभाऊ, दोघांचं मूळ एकच. फारसी 'खुश आमदीद'मधलं 'आमद'ही त्याच घरचं, तिथेही आ + गम् च आहे. आपली आमदनी त्यातलीच, आत येणारा पैसा.

निखिल: भारी. थँक्यू काका!

राजवाडे काका: तुमचे स्वागत आहे 😄

लेले काकू: काका, तुम्हीसुद्धा? आभाराला हे उत्तर इंग्रजीचं. मराठीत स्वागत येणाऱ्याचं होतं, फार तर एखाद्या निर्णयाचं. 'त्यात काय एवढं' म्हणा की.

राजवाडे काका: चिडवत होतो 😄

सचिव: ठरलं. 'हार्दिक स्वागत', काना धरून.

खजिनदार: आमदनीवरून आठवलं, मेंटेनन्सची आमदनी अजून सात घरांतून व्हायची आहे.

निखिल ग्रुप सोडून गेले.

लेले काकू: आता हे निर्गमन. तोच धातू.