'लाइमस्टोन पेव्हमेंट'ला मराठीत काय म्हणाल?

लीड्सकर
आमच्याकडच्या मराठी मंडळींची उत्तर इंग्लंडमधल्या यॉर्कशर डेल्समध्ये सहल ठरतेय. बऱ्याच जणांचे आईवडील इथे आलेत, म्हणून दोन पानी माहिती मराठीत लिहायला घेतली. मॅलम गाव, तिथून जॅनेट्स फॉस हा छोटा धबधबा, मग गॉर्डेल स्कार ही खोल घळ, शेवटी मॅलम कोव्हचा कडा आणि त्याच्या माथ्यावरचं लाइमस्टोन पेव्हमेंट. तिथे मी 'चुनखडीची फरसबंदी' असं लिहिलं. सासूबाईंना वाचायला दिलं तर म्हणाल्या, "एवढ्या वर फरशी कोणी घातली? देऊळ आहे का तिथे?"

त्यांचं बरोबरच आहे. फरसबंदी म्हटली की ती करणारा कोणीतरी आला. शिवाय त्यात दोन गोष्टी आहेत. वर उरलेला सपाट दगडी ठोकळा तो क्लिंट, आणि दोन ठोकळ्यांमधली खोल फट ती ग्राइक. काही फटींत माणूस मांडीपर्यंत जाईल. साठीच्या पुढच्या लोकांना पाय कुठे ठेवायचा आणि कुठे नाही हे नेमकं सांगायचंय, त्यामुळे दोन सुटसुटीत शब्द हवेत. सुचवा.

शुद्धमती
'फरसबंदी' मुळात मराठी नाहीच. फर्श अरबी, बंदी फारसी. आपल्याकडे 'कुट्टिम' हा उत्तम शब्द पडून आहे. नैसर्गिक चूर्णपाषाण-कुट्टिम. अर्थ नेमका, आणि कोणी घातली हा प्रश्नही 'नैसर्गिक'ने मिटतो.

टवाळखोर
सासूबाई आता विचारतील, कुट्टिम कशाशी खातात?

भूगर्भी
आधी 'चुनखडी'चा निकाल लावू. देशावर चुनखडी म्हणजे काळ्या रानात सापडणारे पांढरट खडे, जे भाजून चुना करायचे. चुनखडीच्या रानात ऊस पिवळा पडतो, त्याला शेतकरी 'केवडा पडला' म्हणतात. मॅलमला जे आहे तो सलग, जाड थरांचा दगड. सुमारे ३३ कोटी वर्षांपूर्वीच्या उथळ, उबदार समुद्रात शंखशिंपले आणि प्रवाळांचा गाळ साचून तो झाला. त्याला विश्वकोशातला 'चुनखडक' हाच शब्द बरा.

आता फरशी 'कोणी घातली' ते. हिमयुगात हिमनद्यांनी वरची माती आणि मोकळा दगड खरवडून नेला, खाली थराचा सपाट पृष्ठभाग उघडा पडला. या दगडात मुळातच उभ्या सांध्यांचं जाळं असतं. पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आंबट होतं आणि त्या सांध्यांतून उतरताना दगड विरघळवत जातं. सांधा रुंदावला की ग्राइक, मधे उरला तो क्लिंट. म्हणजे कोणी काही घातलेलं नाही, उलट पाण्याने खाऊन उरलेलं आहे. शब्द शोधताना हे डोक्यात ठेवा.

कर्ल्याची_आमटी
चुनखडक लिहा नाहीतर काही लिहा, पण 'फरशी' एवढी वाईट नाही हो. शहाबादी फरशी हा चुनखडकच आहे, कडाप्पाही. आमच्या जुन्या ओट्यावर लिंबू पिळताना रस सांडला आणि तसाच राहिला की तेवढा भाग कायमचा मॅट व्हायचा. कितीही घासा, चमक परत यायची नाही. आई ओरडायची ते उगीच नव्हतं. आंबट पाण्याने दगड खाणं म्हणजे तेच, फक्त तिकडे त्याला हजारो वर्षं मिळाली.

भूगर्भी
क्या बात! वर्गात सांगायला घेतो हे.

चिपळूणची_शमा
क्लिंटला 'चिरा' आणि ग्राइकला 'चीर'. घ्या, जोडी जमली. चिरणे या एकाच धातूपासून दोन्ही. चिरून निघाला तो चिरा, चिरताना पडली ती चीर.

घाटवाट
कोकणात चिरा म्हणजे जांभ्याच्या खाणीतून काढलेला, चारही बाजूंनी तासलेला दगड. तोही माणसानेच केलेला. फरसबंदीला जो आक्षेप तोच इथे. त्यापेक्षा 'सडा' घ्या. उघडा, सपाट, माथ्यावरचा कातळ म्हणजे सडा. कातळसडा म्हटलं की रत्नागिरीपासून गोव्यापर्यंत कोणालाही चित्र दिसतं.

चिपळूणची_शमा
सडा जांभ्याचा. जांभा म्हणजे खडबडीत, भोकाभोकांचा, तांबडा. मॅलमचे फोटो बघितलेत का? राखाडी आणि गुळगुळीत, पावसात निसरडं. सडा म्हटलं की माझ्या डोळ्यासमोर श्रावणातली निळी-पिवळी फुलं येतात, मेंढ्या नाही.

लीड्सकर
फुलं तिथेही असतात, पण फटींच्या आत. मेंढ्यांची तोंडं तिथवर पोचत नाहीत आणि आत सावली-ओलावा असतो, म्हणून ग्राइकमध्ये चक्क जंगलातली झाडं उगवतात. नेच्यांची तर चैन. लांब जिभेसारखं अखंड पान असलेलं एक नेचं जवळजवळ प्रत्येक खोल फटीत दिसतं. पूर्वी लोक हे दगड बागेत मांडायला उचलून न्यायचे. १९८१च्या वन्यजीव कायद्यात याला मुद्दाम संरक्षण दिलं, तेव्हा कुठे थांबलं.

सडा आवडला, पण क्लिंट आणि ग्राइक वेगळे कसे सांगू?

पाथरवट
आमच्या घरात गवंडीकाम. दोन दगडांमधल्या फटीला 'दरज' म्हणतात. दरजा भरणे हे रोजचं काम. ग्राइक म्हणजे न भरलेली दरज. यात शोधायचं काय आहे?

शुद्धमती
दरज फारसी. दर्झ म्हणजे शिवण, त्यावरूनच दर्जी. शिंप्याचा शब्द दगडाला कशाला?

पाथरवट
मग शिवण आणि दगडाचा सांधा यात फरक काय? उलट शब्द चांगलाच बसला. आमच्या आज्यापणज्याने फारसी शिकून दरजा भरल्या नाहीत. तीनशे वर्षं कामावर असलेला शब्द परका कधीपर्यंत म्हणायचा?

शुद्धमती
मुद्दा जुन्या शब्दांना हाकलण्याचा नाही. नवा शब्द घडवायची संधी असते तेव्हाही आपण हाताशी असलेलं फारसीच उचलतो, हा आहे. 'विदर' घ्या ना, छोटा आहे.

टवाळखोर
"आजी, विदरात पाय घालू नका." आजी: "कोण विदुर?"

घाटवाट
लीड्सकर, मंडळी हार्ड्रॉ फोर्सला जाणार आहेत का? पाण्याची साधारण ३० मीटरची एकच सरळ उडी, एका पबच्या मागे, तिकीट काढून आत जायचं. गेल्या वर्षी एका मराठी प्रवासलेखात 'हार्ड्रॉचा जोर' असं भाषांतर वाचलं आणि चहा नाकातून आला.

अर्थात
बिचाऱ्याची चूक नाही, स्पेलिंगच तसं आहे. पण इथला 'फोर्स' म्हणजे जोर नव्हे. व्हायकिंगांच्या भाषेत 'फॉर्स' म्हणजे धबधबा, जॅनेट्स फॉसमधला फॉस तोच. त्या भागात पाण्याडोंगरांचे निम्मे शब्द त्यांचे: बेक म्हणजे ओढा, फेल म्हणजे डोंगर, डेल म्हणजे खोरं, गिल म्हणजे अरुंद घळ. त्यामुळे 'हार्ड्रॉ फोर्स धबधबा' लिहिलं तर 'हार्ड्रॉ धबधबा धबधबा' होतं.

चिपळूणची_शमा
बेकला ओढा नको, पऱ्या. ओढा देशावरचा, संथ.

कर्ल्याची_आमटी
कुडाळात व्हाळ.

टवाळखोर
गिल आणि घळ एकच शब्द असणार. गिल, गळ, घळ. म्हणूनच शिवथरघळ.

अर्थात
ध्वनीवरून जायचं तर डेल आणि दळण एकच. काहीतरीच.

टवाळखोर
पण समर्थांनी शिवथरघळीत जे पाणी बघितलं त्याला 'धबाबा' म्हटलंय. फोर्सला धबाबा हाच शब्द. हार्ड्रॉ धबाबा. कानाला बघा.

घाटवाट
आयुष्यात पहिल्यांदा टवाळखोरशी सहमत.

भूगर्भी
धबाबाच हवा असेल तर टीसडेलचा हाय फोर्स बघा. उंची २१ मीटरच, पण अख्खी टीस नदी एका काळ्या कड्यावरून पडते. तो काळा दगड डोलेराइट, आपल्या सह्याद्रीच्या काळ्या पाषाणाचा चुलतभाऊ. त्याच्याखाली चुनखडक. इंग्लंडमध्ये फिरून पांढऱ्या-राखाडी दगडाचा कंटाळा आलेल्या मराठी माणसाला तिथे घरी आल्यासारखं वाटतं.

आणि मॅलम कोव्ह हाही मुळात धबधबाच होता. हिमयुगाच्या शेवटी वितळलेलं पाणी त्या ८० मीटर उंच कड्यावरून पडायचं. आता पाणी वर दगडात मुरतं, कडा कोरडा. डिसेंबर २०१५ मध्ये डेस्मंड वादळात इतकं पाणी आलं की ते मुरेना, आणि कोव्हवरून पुन्हा धार पडली, थोडाच वेळ. आणखी एक गंमत: वर मॅलम टार्न तळ्यातून निघून जमिनीत गडप होणारं पाणी कोव्हच्या पायथ्याशी येतच नाही, ते गावाच्या खाली झऱ्यांतून वर येतं. पायथ्याचा ओढा दुसऱ्याच ठिकाणाहून येतो. पाण्यात रंग टाकून हे बघितलंय.

घाटवाट
कोव्हला साधं 'कडा' लिहू नका, हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा आठवा. तशीच आत वळलेली भिंत, उंचीने पुष्कळ लहान. कोकणकडा म्हटलं की ट्रेकर सासरे खूश.

पाथरवट
जमिनीत गडप होण्यावरून: इंगलबरो डोंगरावर गेपिंग गिल म्हणून जागा आहे ना? ओढा सरळ एका भोकात पडतो, शंभर मीटरच्या आसपास खोल. त्याला विवर म्हणतात बरेच जण. मला 'आड' म्हणावंसं वाटतं.

लीड्सकर
आड मस्तच! कारण वर्षातून दोनदा, मेच्या अखेरीस आणि ऑगस्टमध्ये, तिथले गुहावाले क्लब वर रहाटासारखं यंत्र लावून खुर्चीतून लोकांना खाली सोडतात. १८९५ मध्ये मार्तेल नावाचा फ्रेंच माणूस दोरखंडाच्या शिडीवरून तळाला पोचला होता.

पण अहो, क्लिंट-ग्राइकचं काय? छपाईला द्यायचंय. सध्या 'चुनखडकाचा सडा', त्यातले 'ठोकळे' आणि 'दरजा' असं धरलंय.

चिपळूणची_शमा
ठोकळे म्हणजे मुलांच्या खेळातले. चिरे लिहा हो.

लीड्सकर
बघतो. एकच शेवटचं: सगळ्या डोंगरांवर चुना-सिमेंट न लावता रचलेल्या दगडी भिंती धावतात, पाच हजार मैलांच्या वर म्हणे. दोन्ही बाजूंनी दगड रचायचे, पोकळीत बारीक भर, आणि ठरावीक उंचीवर आरपार जाणारा लांब दगड. भिंत वर जाईल तशी निमुळती. त्यांना 'कुंपण' लिहिलंय, चालेल?

कर्ल्याची_आमटी
कुंपण?? गडगा!

चिपळूणची_शमा
गडगाच. त्यात विचारायचं काय.

पाथरवट
गडगा कमरेएवढा आणि ओबडधोबड. आरपार दगड घालून, भर भरून, निमुळती बांधली की ती भिंत झाली. गडग्याला कोण एवढं करतं?

कर्ल्याची_आमटी
आमचे आजोबा करायचे. पावसाळ्यात ढासळायचा नाही तो गडगा बघायचा असेल तर कुडाळला या.

घाटवाट
त्या भिंतींमध्ये पलीकडे चढून जायला पायऱ्यांसारखे दगड बसवलेले असतात, त्याला बेडं म्हणायचं का?

चिपळूणची_शमा
बेडं आडव्या बांबूंचं, सरकवून उघडतात. चढून जायचं ते बेडं नव्हे.

कर्ल्याची_आमटी
आमच्याकडे जिथून माणूस आत जातो आणि ढोर जात नाही ते बेडं. सरकवा नाहीतर चढा.

चिपळूणची_शमा
कुडाळात काहीही म्हणतात.