मदत हवी आहे: बुटीबोरीतली नोकरी महिनाअखेर संपतेय. मेडिक्लेम, पीएफ, हप्ते... आधी काय धरू?

कपाशी_सोयाबीन (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. बुटीबोरी एमआयडीसीत मशीन ऑपरेटर, नोकरी ६ वर्षं ४ महिने. कंपनी एक लाइन बंद करतेय, आमचा शेवटचा दिवस ३० तारीख. गाव सेलू तालुक्यात, जिल्हा वर्धा.

एकूण पगार २९,०००, त्यात मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १५,०००. ईएसआयसी (कामगार राज्य विमा) नाही. कंपनीचा ३ लाखांचा ग्रुप मेडिक्लेम आहे, त्यात आई-वडीलही आहेत. घरी बायको, ४ वर्षांची मुलगी, आई ६१ (शुगर, बीपी), वडील ७१. पीएफमध्ये २ लाख १० हजारांच्या आसपास. गाडीचा हप्ता ३,४००, पर्सनल लोनचा ५,२००. बाकी घरखर्च १४,०००. वडिलांच्या नावावर ५ एकर कोरडवाहू आहे, त्यावर पीककर्ज. रेशनकार्ड केशरी, पण त्यात बायकोचं आणि मुलीचं नाव नाही.

विचार असा आहे की पीएफ पूर्ण काढून पर्सनल लोन मोकळं करावं. बरोबर आहे का? आणि मेडिक्लेम गेल्यावर आईचं काय?

---

हिशोब_वही

भाऊ, पीएफ शेवटी. आधी मेडिक्लेम, कारण त्याला तारीख आहे. ग्रुप पॉलिसीतलं कव्हर बहुतेक ठिकाणी कामाच्या शेवटच्या दिवशीच तुटते. पीएफ कुठं पळून जात नाही, त्यावर व्याजही चालू राहते.

मेडिक्लेमवर दुसरं कोणी सविस्तर सांगेलच, मी पैशाचं सांगतो.

ग्रॅच्युइटी (नोकरी सुटताना कंपनी सेवेच्या वर्षांवर देते ती रक्कम): ५ वर्षं भरली म्हणून हक्काची. १५,००० भागिले २६, गुणिले १५, गुणिले ६ = ५१,९२३ रुपये. वरचे ४ महिने मोजत नाहीत, सहा महिन्यांच्या वर असते तर सातवं वर्ष धरलं असतं. ३० दिवसांत द्यावी लागते, उशीर झाला तर व्याजासह. अर्ज लेखी द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या.

छाटणीची भरपाई: मशीन ऑपरेटर म्हणजे कायद्याने कामगार. कंपनी स्वतः काढत असेल तर एक महिन्याची नोटीस किंवा त्या महिन्याचा पगार, आणि भरलेल्या प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार. ही ग्रॅच्युइटीहून वेगळी रक्कम आहे. बरेच जण दोन्ही एकच समजून एकावर समाधान मानतात.

बाकी पगार, शिल्लक रजेचे पैसे: २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेप्रमाणे काढल्यावर दोन कामकाजाच्या दिवसांत वेतन चुकतं करायचं असते. "पुढच्या महिन्याच्या सायकलमध्ये येईल" हे उत्तर चालत नाही.

आता धरून चला: ग्रॅच्युइटी ५१,९२३ आणि नोटीस पगार २९,०००, मिळून ८०,९२३. तुमचा महिना १४,००० आणि हप्ते ८,६०० असे २२,६००. म्हणजे साडेतीन महिने पीएफला हात न लावता निघतात, भरपाई आली तर आणखी. म्हणून पहिले तीन महिने लोन मोकळं करायच्या भानगडीत पडू नका. हातातली रोकड बँकेत भरून टाकली आणि पुढच्या महिन्यात कोणी आजारी पडलं, तर तीच बँक बेरोजगार माणसाला दुसरं कर्ज देत नाही. नवी नोकरी लागली की मग मुदतपूर्व फेडीचा आकार किती ते विचारून फेडा.

---

सावंगी_रोड

आईचं सांगते. तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत, लोक एकात मिसळतात.

पहिली, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. १ जुलै २०२४ पासून ती कोणत्याही रंगाच्या रेशनकार्डाला आहे आणि कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत कव्हर आहे. हप्ता काही नाही, आधीच्या आजारांसाठी थांबायची अट नाही. तुमच्याजवळच सावंगी (मेघे) आणि सेवाग्राम ही दोन्ही मोठी रुग्णालयं त्यात आहेत. पण मर्यादा लक्षात घ्या: भरती होऊन करायच्या, यादीत असलेल्या उपचारांसाठीच ती आहे. ओपीडी, महिन्याच्या गोळ्या त्यात येत नाहीत. आणि रुग्णालय योजनेत असणं पुरेसं नाही, त्या आजाराच्या विभागासाठी ते जोडलेलं असावं लागते.

इथं सगळ्यात जास्त चुकते ते असं: लोक घाबरून आधी पैसे भरून भरती करतात, दोन दिवसांनी योजना आठवते. भरलेल्या बिलाचा परतावा या योजनेत मागता येत नाही. म्हणून गेल्या गेल्या आरोग्यमित्राचं (योजनेचा रुग्णालयातला माणूस) टेबल शोधायचं, रेशनकार्ड आणि आधार दाखवायचं, पूर्वमंजुरीचा अर्ज गेला का हे विचारायचं. अडलं तर १५५३८८ वर फोन.

दुसरी, वडील ७१ चे आहेत ना? ७० वर्षांवरच्या प्रत्येकाला उत्पन्न न बघता आयुष्मान वय वंदना कार्ड (भरती होऊन मोफत उपचारांचं) मिळते, ऑक्टोबर २०२४ पासून. आयुष्मान अ‍ॅपवर किंवा सेतू केंद्रात आधारने निघते. आभा कार्ड म्हणजे हे नव्हे. आभा हा फक्त नोंदींचा नंबर आहे, त्यावर उपचार मिळत नाहीत. केंद्रवाला आभा काढून देतो आणि माणूस निश्चिंत घरी येतो, हे तपासाच.

तिसरी, आईच्या रोजच्या गोळ्या. शुगर-बीपीच्या नेहमीच्या गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रात असंसर्गजन्य आजारांच्या नोंदणीवर मिळतात. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत, म्हणजे प्राथमिक केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत, तपासणी आणि उपचार निःशुल्क आहेत. नागपूरचं मेडिकल आणि मेयो ही महाविद्यालयाची रुग्णालयं त्या निर्णयात नाहीत, तिथं केसपेपरपासून शुल्क लागते. आधी गावाजवळ नोंदणी करा.

आणि रेशनकार्डाचं काम आजच सुरू करा. त्यात नाव नसेल तर बायको आणि मुलीसाठी फुले योजनेत अडचण येते. बायकोचं नाव माहेरच्या कार्डातून कमी केल्याचा दाखला त्या तालुक्याच्या पुरवठा शाखेतून आणावा लागतो. इथंच अर्ज अडकतात, कारण माहेरचे "नाव कमी केलं तर धान्य कमी होईल" म्हणून टाळत राहतात. सोबत लग्नाचा दाखला, मुलीचा जन्मदाखला, दोघींची आधार कार्डं. अर्ज सेलू तहसीलला. नाव चढलं की रेशन दुकानातल्या मशीनवर दोघींची ई-केवायसीही करून घ्या.

---

पॉलिसी_वाचा_आधी

ताईंनी सांगितलेलं बरोबर आहे, पण खाजगी कव्हर पूर्ण सोडू नका. ग्रुपमधून बाहेर पडणाऱ्याला त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येते. याला मायग्रेशन म्हणतात. फायदा असा की ग्रुपमध्ये सलग गेलेली वर्षं प्रतीक्षा काळात धरली जातात, तुमच्या बाबतीत ३ लाखांपर्यंत. नवीन पॉलिसी घेतली तर आधीपासूनच्या आजारासाठी ३६ महिन्यांपर्यंत थांबावं लागते आणि पहिले ३० दिवस अपघात सोडून काहीच मिळत नाही.

अर्ज कव्हर चालू असतानाच करा. एचआरकडून आजच पॉलिसी क्रमांक, विमा कंपनीचं नाव (टीपीएचं, म्हणजे दावे हाताळणाऱ्या एजन्सीचं नव्हे, कार्डावर बरेचदा तेच ठळक असते) आणि प्रत्येक सदस्य कोणत्या तारखेपासून कव्हरमध्ये आहे त्याचं पत्र मागा. तारखेचं पत्र नसेल तर सलगपणा सिद्ध करता येत नाही.

आईला फ्लोटरमध्ये, म्हणजे घराच्या एकत्र पॉलिसीत, घालू नका. फ्लोटरचा हप्ता घरातल्या सर्वात मोठ्या वयावर ठरतो, सगळ्यांचा वाढेल. दोन दर मागवा: तुम्ही तिघांचा फ्लोटर, आणि आईची वेगळी. खिशाला एकच झेपत असेल तर माझं मत, आईचं मायग्रेशन धरा. तुम्ही तिघं तरुण आहात, सहा महिन्यांनीही नवी पॉलिसी सहज मिळेल. आईला शुगर असताना एकदा तुटलेला सलगपणा परत जोडता येत नाही. वडिलांना वय वंदना आहे.

कमी हप्त्यात हवं असेल तर आरोग्य संजीवनी ही सगळ्या कंपन्यांत एकाच नमुन्याची पॉलिसी आहे. त्यात प्रत्येक दाव्यात ५ टक्के तुमचे, आणि खोलीभाडं विमा रकमेच्या २ टक्के, कमाल ५,००० रुपये रोज. महागडी खोली घेतली तर फक्त भाडं नाही, डॉक्टरांच्या फीसारखे इतर आकारही त्याच प्रमाणात कापले जातात. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर जीएसटी शून्य आहे. कोणी १८ टक्के लावून दर सांगितला तर तो जुना तक्ता आहे.

फॉर्ममध्ये शुगर-बीपी लिहाच. एजंट "कशाला लिहिता" म्हणेल.

---

बुटीबोरी_दोन

मधेच विचारतो. माझा पगार १९,०००, ईएसआयसी कापते. आमचीही लाइन बंद. मला काय लागू?

---

हिशोब_वही

तुमचं बरं आहे. ईएसआयसीत एप्रिल ते सप्टेंबरच्या वर्गणीचा लाभ पुढच्या जानेवारी ते जूनमध्ये मिळतो, ऑक्टोबर ते मार्चचा जुलै ते डिसेंबरमध्ये. म्हणजे नोकरी गेली त्या दिवशी कार्ड मरत नाही. त्या सहामाहीत किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असावी. नागपूरला सोमवारी पेठेत रुग्णालय आहे.

पैशाच्या दोन योजना. अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना: सरासरी रोजाच्या ५० टक्के, आयुष्यात एकूण ९० दिवस, दावा बेरोजगारीचे ३० दिवस झाल्यावर. ती टप्प्याटप्प्याने वाढवली जाते, तेव्हा शाखेत मुदत विचारून घ्या. दुसरी राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना: कारखाना बंद किंवा छाटणी असेल आणि २ वर्षांची वर्गणी असेल तर पहिले १२ महिने ५० टक्के, पुढचे १२ महिने २५ टक्के. एका काळासाठी दोन्ही मिळत नाहीत, आणि दुसरी तुमच्यासाठी मोठी आहे. पण कागदावर "राजीनामा" आला तर ती हातची जाते.

---

कपाशी_सोयाबीन

सगळ्यांचे आभार. पीएफचं जरा उलगडून सांगा, खरंच गरज पडली तर किती काढावं? आणि वडिलांच्या पीककर्जातून दोन-तीन हप्ते भरले तर?

---

हिशोब_वही

पीककर्जाला हात नको. वेळेत फेडलं तर ३ लाखांपर्यंत डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेत व्याज शून्यावर येते. ते पैसे हप्त्यात गेले, पेरणीला बी-खत उधारीवर घेतलं आणि मुदत चुकली, की सवलत जाते आणि पुढच्या हंगामाचं कर्जही अडते. सगळ्यात स्वस्त पैसा सगळ्यात महाग करून घेणं झालं हे. अगदीच अडलं तर सोनं बँकेत ठेवा, सावकाराकडे नको.

पीएफ: ऑक्टोबर २०२५ मध्ये ईपीएफओच्या मंडळाने ठरवलं की नोकरी गेल्यावर ७५ टक्के लगेच आणि उरलेले २५ टक्के १२ महिन्यांनी. आधी हा काळ दोन महिन्यांचा होता. अर्ज करताना पोर्टलवर कोणता नियम दिसतो तो बघा. तुमची ५ वर्षांच्या वर सेवा आहे म्हणून काढलेल्या रकमेवर कर नाही. लागतील तेवढेच काढा. पेन्शनचा १०-सी फॉर्म सोबत भरून पैसे घेऊ नका. १० वर्षं भरली की ५८ नंतर पेन्शन बसते, तुमची सहा झालीत. नवीन नोकरीत तोच यूएएन (पीएफचा कायमचा नंबर) द्या.

एचआर जागेवर आहे तोवर दोन गोष्टी तपासा: यूएएनमधलं नाव आणि जन्मतारीख आधारशी अक्षरशः जुळते का, आणि नोकरी सोडल्याची तारीख चढवणार कधी. तारीख चढवली नाही तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी तुम्ही स्वतः पोर्टलवर "मार्क एक्झिट"मधून टाकू शकता.

बँकेचं राहिलंच. पगार थांबला की पगारखातं साधं होते आणि किमान शिल्लक लागू होते. शाखेत जाऊन ते मूलभूत बचत खात्यात बदलायचा अर्ज द्या. हप्ता त्याच खात्यातून असेल तर तारखेच्या आदल्या दिवशी पैसे टाका, परत गेला की दोन्हीकडून दंड. जीवन ज्योतीचे ४३६ आणि सुरक्षा विम्याचे २० रुपये मेअखेर तिथूनच कटतात, तेवढे राहू द्या.

---

कपाशी_सोयाबीन

आज एचआरनं छापील कागद दिला, "वैयक्तिक कारणास्तव राजीनामा". सही केली तरच हिशोब करू म्हणे.

---

हिशोब_वही

सही करू नका. ग्रॅच्युइटी राजीनाम्यावरही मिळते, पण नोटीस पगार आणि छाटणीची भरपाई त्या एका सहीने जाते. आज रात्रीच कंपनीच्या अधिकृत मेलवर लिहा: "मी राजीनामा दिलेला नाही. लाइन बंद होत असल्याने माझी सेवा कंपनीकडून ३० तारखेला संपवली जात आहे. नोटीस वेतन, छाटणी भरपाई, ग्रॅच्युइटी आणि शिल्लक वेतन नियमाप्रमाणे द्यावे." तेच पत्र उद्या स्पीड पोस्टने, पोच पावतीसह. लाइनवरच्या सगळ्यांनी तसंच पत्र दिलं तर बरं, एकट्याला दाबणं सोपं असते. त्या छापील कागदाचा फोटो काढून ठेवा. त्यानंतरही पैसे अडवले तर नागपूरच्या कामगार आयुक्त कार्यालयात अर्ज. सोबत नियुक्तीपत्र, शेवटच्या तीन पगारपावत्या, हा फोटो आणि पोस्टाची पावती जोडा.