स्मोक मशीनचं लिक्विड घरी बनवताना प्रमाण काय?

मंडपवाला_सोलापूर: १५०० वॅटचं मशीन, लग्नातल्या एंट्रीसाठी. ग्लिसरीन १ भाग आणि बोअरचं पाणी २ भाग असं भरतोय. आता धूर निम्मा झालाय, जळका वास येतो, नोझलमधून थेंब गळतात. तयार कॅन न घेता घरीच नीट कसं बनवायचं?

धूरकरी: मालक, पहिला घोळ पाण्याचा. आपल्याकडच्या बोअरला क्षार किती, ते गिझरची कॉइल उघडली की कळतं. हीटरमधली नळी बारीक असते, तिथं पाण्याची वाफ होते आणि क्षार मागं राहतो. डिस्टिल्ड वॉटरच घ्या. बॅटरीच्या दुकानात मिळतं, पण "ॲसिड नको, नुसतं पाणी" असं बजावून सांगा.

ग्लिसरीनही जास्त झालंय. ते जास्त तापलं की त्यातून ॲक्रोलीन निघतं. डोळे झोंबतात, घसा खवखवतो तो त्यानंच.

सुमारे १ लिटरसाठी: प्रॉपिलीन ग्लायकॉल २५९ ग्रॅम, ग्लिसरीन ६३ ग्रॅम, पाणी ७०० ग्रॅम. काट्यावरच मोजा, ग्लिसरीन मापाला चिकटून राहतं. पाणी कोमट करून त्यात ग्लिसरीन ओता आणि तळाशी तेलकट रेघा दिसेनाशा होईपर्यंत ढवळा. मग ग्लायकॉल. शेवटी दुहेरी मलमलीतून गाळा. धूर जास्त वेळ रेंगाळायला हवा असेल तर ग्लिसरीन ७५–८० ग्रॅमपर्यंत न्या, त्यापुढं नको.

स्टेजलाइट: थेंबांचं कारण वेगळंही असू शकतं. रेडीचा दिवा लागायच्या आत बटण दाबलं तर लिक्विडची पुरती वाफ होत नाही, ते तसंच बाहेर पडतं. फरशी निसरडी होते, नवरी घसरली तर सगळे तुमच्याच नावानं ओरडतील!

आधी मशीन साफ करा: डिस्टिल्ड वॉटर ४ भाग, पांढरा व्हिनेगर १ भाग, उघड्या जागेत थोडं थोडं सोडत चालवायचं. मग नुसतं डिस्टिल्ड वॉटर. टाकी रिकामी ठेवून पंप चालवू नका, जळतो.

धूरकरी: दोन्ही रसायनं आयपी ग्रेडची (औषधाच्या दर्जाची), सीलबंद घ्या. गाडीचं कूलंट स्वस्त पडतं म्हणून कुणी सुचवेल, ते इथिलीन ग्लायकॉल, विषारी. अत्तर आणि खायचा रंगही नको, दोन्ही हीटरमध्ये करपतात. रंग हवा तर लाइटनं द्या.

नवखा: व्हेपमध्येही (ई-सिगारेटमध्ये) हीच दोन रसायनं असतात ना? मग तेही घरी जमेल की.

स्टेजलाइट: आधार तोच, पण हे प्रमाण त्यासाठी नाही बे. २०१९ च्या कायद्यानं ई-सिगारेटचं उत्पादन, विक्री, साठा सगळ्यावर बंदी आहे. उत्पादन-विक्रीच्या पहिल्या गुन्ह्याला १ वर्षापर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिवाय व्हेपच्या लिक्विडमध्ये घालायचं तीव्र निकोटीन कातडीतूनही अंगात जातं.

मंडपवाला_सोलापूर: बनवलेलं किती दिवस टिकतं?

धूरकरी: झाकण घट्ट लावून सावलीत ठेवा, बाटलीवर तारीख लिहा. गढूळ झालं किंवा तळाशी तंतू दिसले की सरळ ओतून द्या. एका कार्यक्रमापुरतंच बनवलेलं बरं.