आशापूर्णा देवींची कादंबरीत्रयी: ‘सुवर्णलता’ आधी वाचली तर चालेल का?

प्रश्न:
बंगाली लेखिका आशापूर्णा देवींची ‘सुवर्णलता’ हाती आली आहे. तिच्याआधीची ‘प्रथम प्रतिश्रुती’ (१९६४) न वाचता ती वाचल्यास काही बिघडेल का? शिवाय सासू-जावांच्या कुरबुरींतून उभ्या राहिलेल्या या लेखनाची एवढी थोरवी कशात आहे, हेही जाणकारांनी सांगावे.

प्रतिसाद १:
कथानक कळायला अडचण येणार नाही, पण सुवर्णच्या संतापाचे मूळ पहिल्याच कादंबरीत आहे. तिची नायिका सत्यवती ही सुवर्णची आई. सत्यवतीला अंधारात ठेवून तिच्या सासूने नऊ वर्षांच्या सुवर्णचे लग्न उरकले आणि हे कळताच सत्यवती संसार सोडून काशीला निघून गेली. घर सोडून गेलेल्या आईची मुलगी, हा टोमणा सुवर्णला सासरी जन्मभर ऐकावा लागतो. सत्यवतीला ओळखणाऱ्या वाचकाला तो जितका झोंबेल, तितका इतरांना झोंबणार नाही. म्हणून थोडी कळ काढा.

प्रतिसाद २:
थोरवीबद्दल लिहितो. नवे घर बांधले जात असताना सुवर्ण नवऱ्याकडे रस्त्याकडे उघडणारा व्हरांडा मागते आणि तोही हो म्हणतो. नव्या घरात पाऊल टाकल्यावर ती खोलीमागून खोली शोधत फिरते. व्हरांडा बांधलेलाच नसतो. मारहाण किंवा उपासमार यांपेक्षा अशा साध्या नकारातून मध्यमवर्गीय घरातली सत्ता कशी चालते, हे लेखिकेने नेमके हेरले आहे. त्यातही दरारा चालतो तो सासूचा, मुक्तकेशीचा, आणि म्हणून पुरुष जुलमी व बायका बिचाऱ्या अशी सोपी वाटणी इथे टिकत नाही. आजीच्या विरोधामुळे स्वतः आशापूर्णा शाळेत गेल्या नाहीत; भावांचा अभ्यास चाललेला असताना समोर बसून त्या अक्षरे शिकल्या. माजघर त्यांनी आतून पाहिले होते.

प्रतिसाद ३:
वरील मताशी सहमत आहे. मात्र ‘प्रथम प्रतिश्रुती’साठी १९७६ चे ज्ञानपीठ मिळवून हा सन्मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला ठरल्या, म्हणून तेवढीच वाचून थांबू नका. तिसरी, ‘बकुलकथा’, मला जरा विस्कळीत वाटते, तरीही ती सोडू नये. सुवर्णच्या लिखाणाच्या वह्या शेवटी गच्चीवर जळाल्या, तर तिची मुलगी बकुल अनामिका देवी या नावाने नामांकित लेखिका झाली. मात्र पुढच्या पिढीच्या मोकळेपणाकडे ती ज्या साशंक नजरेने पाहते, ती नजर अनेक वाचकांना खटकते. मला तीच प्रामाणिक वाटते.