वाळीत टाकणाऱ्या मंडळीला सरकारी अनुदान का मिळावं?

ओसरीकर

नॉर्वेचं सरकार आणि यहोवाचे साक्षीदार (स्वतःला ख्रिस्ती म्हणवणारा एक पंथ) यांच्यात २०२२ पासून जुंपली आहे. मराठीत त्यावर फारसं वाचायला मिळालं नाही, म्हणून धागा काढतोय.

प्रकरण असं. नॉर्वेत नोंदणी झालेल्या धर्मसंस्थांना डोकी मोजून सरकारी अनुदान मिळतं. साक्षीदार तिथे बारा हजारांच्या आसपास, त्यांनाही ते वर्षानुवर्षं मिळायचं. २०२२ मध्ये सरकारने पैसे अडवले आणि वर्ष सरता सरता नोंदणीही रद्द केली. त्याबरोबर लग्नं लावायचा अधिकारही गेला. सरकारचं म्हणणं, मंडळी (म्हणजे त्यांचं चर्च) सोडणाऱ्याशी बाकीच्यांनी संबंध तोडायचे हा यांचा नियम आहे आणि बाप्तिस्मा (पाण्यात बुडवून पंथात घेण्याचा विधी) झालेल्या अल्पवयीन मुलांनाही तो लागू होतो. ओस्लोच्या जिल्हा न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये सरकारची बाजू उचलून धरली. मार्च २०२५ मध्ये अपील कोर्टाने निकाल फिरवला.

हा नियम चालतो कसा? मंडळीतले तीन वडील (म्हणजे तिथले पुढारी, बाप नव्हे) बसतात, बंद खोलीत चौकशी करतात. पश्चात्ताप खरा वाटला नाही, तर सभेत व्यासपीठावरून एक वाक्य: अमुक आता यहोवाचे साक्षीदार नाहीत. कारण सांगत नाहीत. झालं. त्यानंतर कालपर्यंत शेजारी बसून गाणारी माणसं नमस्कारसुद्धा करत नाहीत. एका छताखाली राहणाऱ्या नवराबायकोचे व्यवहार चालू राहतात, पण वेगळ्या राहणाऱ्या मुलाशी आईने गरजेपुरतंच बोलायचं. २०२४ मध्ये थोडी ढील दिली: ओझरता नमस्कार, सभेला या म्हणून आमंत्रण, एवढं चालेल. उघडपणे विरोधात बोलणाऱ्यांना तेही नाही.

आता खरी मेख. ज्याचा बाप्तिस्माच झालेला नाही, त्याच्यावर हा बहिष्कार पडत नाही. म्हणजे बाराव्या वर्षी आईबापांना खूश करायला पाण्यात उतरलेलं पोर अठराव्या वर्षी 'मला पटत नाही' म्हणालं तर घरदार गमावणार, आणि त्याचा थोरला भाऊ चालढकल करत राहिला म्हणून वाचणार. अशा व्यवस्थेला करदात्याने पैसे का द्यायचे? कोणाला तुरुंगात टाका असं मी म्हणत नाहीये, फक्त अनुदानाचं विचारतोय.

घटनाप्रेमी

मुद्दा कळला, पण पटला नाही. बोलायचं कोणाशी आणि पंगतीला कोणाला घ्यायचं, हे ठरवण्याचा अधिकार माणसाचा. आईने मुलाशी किती बोलावं याचं माप सरकारी बाबूच्या हातात दिलंत की संपलं.

अमेरिकेत ओहायोच्या एका अमिश (आधुनिक यंत्रं टाळणारा ख्रिस्ती पंथ) शेतकऱ्याने आजारी लेकीला डॉक्टरकडे न्यायला मोटार घेतली. मोटारीला बंदी नसलेल्या दुसऱ्या चर्चमध्ये गेला, म्हणून जुन्या मंडळींनी त्याला वाळीत टाकलं. १९४७ मध्ये तो कोर्टात गेला. ज्युरीने चर्चच्या पुढाऱ्यांकडून ५ हजार डॉलर देवविले. बिशपने ते दिले नाहीत, तेव्हा त्याच्या शेतावर लिलाव आला. पैसे मिळाले हो, पण शेजारी काय त्याच्या ओट्यावर गप्पा मारायला येऊन बसले?

आणि 'फक्त अनुदान' हा युक्तिवाद फसवा आहे. रशियानेही याच लोकांवर आधी कागदोपत्रीच बडगा उगारला होता. २०१७ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांना अतिरेकी ठरवलं. आज घरात बायबल वाचायला जमलेली माणसं तुरुंगात आहेत. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये काय केलं तेही बघा. केरळातली तीन साक्षीदार मुलं राष्ट्रगीताला उभी राहायची, पण गायची नाहीत, म्हणून शाळेने काढली होती. न्यायालयाने त्यांना परत वर्गात बसवलं. सगळ्यांना विचित्र वाटणाऱ्या लोकांसाठीच तर स्वातंत्र्य असतं.

निखळ_मत

आधी आपल्या जातपंचायती बघा, मग नॉर्वे. दुसऱ्याच्या घरात डोकावायची हौस फार.

ओसरीकर

@निखळ_मत, त्या बघूनच विचारतोय. महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ मध्ये कायदा केला, जुलै २०१७ पासून तो लागू आहे. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. रायगडात एखाद्या घराचा हुक्कापाणी बंद झाला की आपण गुन्हा म्हणतो आणि ओस्लोत तेच झालं की धर्मस्वातंत्र्य, असं कसं?

@घटनाप्रेमी, रशिया लोकांना तुरुंगात टाकतो, नॉर्वेने चेक थांबवला. या दोन्ही गोष्टी एका दोरीत ओवू नका. नॉर्वेत सभा आजही भरतात, कोणी दार ठोठावलेलं नाही.

मेरी श्रीरामपूर

शीर्षकात 'मंडळी' वाचलं आणि थबकले. आम्हा नगरकडच्या ख्रिस्ती लोकांना मंडळी म्हणजे आपलं चर्च. साक्षीदारांना आमच्यातले बहुतेकजण ख्रिस्तीच मानत नाहीत (त्रैक्याचा वाद, इथे नको). तेव्हा सगळ्यांना एका टोपलीत घालू नका, ही विनंती.

दुसरं, वाळीत पडणं आम्हाला नवं नाही. माझ्या पणजोबांनी बाप्तिस्मा घेतला त्या वर्षी गावाने पाणवठा बंद केला होता, असं घरात सांगतात. रेव्हरंड टिळकांचं तर सगळ्यांना माहीत आहे. १८९५ मध्ये ते ख्रिस्ती झाले आणि लक्ष्मीबाई काही वर्षं त्यांच्यापासून वेगळ्या राहिल्या. नंतर एका घरात आल्या तरी सोवळं सुटलं नव्हतं. पुढे १९०० मध्ये त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. म्हणून वाळीत टाकणं हा काही चर्चचा शोध नाही.

आता शिस्तीबद्दल. हे लोक मत्तयाचा अठरावा अध्याय पुढे करतात: ऐकलं नाही तर त्याला जकातदारासारखा समज. अहो, पण ज्याच्या नावावर ते शुभवर्तमान आहे तो मत्तय स्वतःच जकातदार! आणि येशू जक्कय नावाच्या जकातदाराच्याच घरी आपणहून उतरला होता. तरीही मी शिस्तीच्या विरोधात नाही. संडे स्कूलच्या मुलीला त्रास देणारा माणूस रविवारी पुढच्या बाकावर बसून प्रभुभोजन घेणार असेल, तर त्याला आधी बाहेर काढा म्हणणारी मी पहिली असेन. सरसकट बंदी घातलीत तर अशांना कोण काढणार?

घटनाप्रेमी

मेरीताईंचा शेवटचा परिच्छेद चौकटीत टाकावा असा आहे. +१

काळाकोट

थोडं कायद्याचं, कारण दोन्ही बाजूंकडून एक मोठं प्रकरण सुटलं आहे आणि ते आपल्या मुंबईचं आहे.

मुंबई राज्याने १९४९ मध्येच बहिष्कृतीबंदीचा कायदा केला होता. दाऊदी बोहरांच्या सय्यदनांनी (त्यांचे धर्मगुरू) त्याला आव्हान दिलं आणि १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक असा तो रद्द केला. धर्माच्या कारणावरून माणसाला बाहेर काढणं हा पंथाचा स्वतःचा कारभार आहे, असं बहुमत. सरन्यायाधीश सिन्हा एकटे विरोधात. मशीद बंद, लग्नसंबंध बंद, दफनाला जागा नाही, हे सगळं समोर असतानाचा हा निकाल. तो आजही उभा आहे. २०२३ मध्ये घटनापीठाने हा प्रश्न नऊ न्यायमूर्तींकडे पाठवला. ओसरीकर, तुमच्या २०१६ च्या कायद्यातली व्याख्या जातीपुरती नाही, धर्म-पंथही तिच्यात येतात. पण १९६२ डोक्यावर असताना तो एखाद्या चर्चविरुद्ध किती टिकेल, यावर मी तरी पैज लावणार नाही.

बाहेरचे निकालही बघा. बेल्जियममध्ये २०२१ साली गेंटच्या कोर्टाने साक्षीदारांना ९६ हजार युरो दंड केला, पुढच्या वर्षी अपिलात सुटले. कॅनडाचं २०१८ चं प्रकरण जास्त बोचरं आहे. कॅल्गरीतला एक घरविक्रीचा एजंट. गिऱ्हाइकांपैकी निम्मे साक्षीदार. आधी त्याच्या १५ वर्षांच्या मुलीला मंडळीतून काढलं, तिला घराबाहेर ठेवायचा दबाव आला. त्या ताणात तो दारू प्यायला, बायकोला टाकून बोलला, तसं मंडळीच्या वडिलांपुढे कबूलही केलं. मग त्यालाही काढलं. गिऱ्हाईक गेलं, धंदा बसला. सर्वोच्च न्यायालय नऊ विरुद्ध शून्य: इथे कोणताही कायदेशीर हक्क गुंतलेला नाही, आम्ही यात पडणार नाही.

मला सगळ्यात शहाणा निकाल अमेरिकेतल्या ओक्लाहोमाचा वाटतो, १९८९. कॉलिन्सविल नावाच्या छोट्या गावातली घटस्फोटित बाई, एकटीने मुलं सांभाळणारी. चर्चने तिला कपडे दिले, गाडी दिली, शिकायला मदत केली. पुढे तिचं एका पुरुषाशी प्रकरण निघालं. चर्चचे वडील म्हणाले, सगळ्यांसमोर कबूल कर. तिने चिठ्ठी लिहून सदस्यत्व सोडलं. तरी त्यांनी भर उपासनेत तिचं पाप वाचून दाखवलं, आजूबाजूच्या चर्चनाही कळवलं. न्यायालयाने रेघ ओढली ती नेमकी चिठ्ठीपाशी. तोवरच्या शिस्तीला तिची संमती होती, त्यानंतर नव्हती. त्यानंतर जे केलं त्याची भरपाई मागता येईल.

हडपसरी

नेहमी वाचनमात्र असतो. मी साक्षीदारांपैकी नाही. पुण्याजवळच्या एका घरगुती फेलोशिपमध्ये (घरात भरणारं छोटं चर्च) वाढलो, नाव घेत नाही. सगळं पाळक आणि त्यांच्या बायकोभोवती फिरायचं. आमची भाड्याची खोली मंडळीतल्या एका 'भावाची', म्हणजे सदस्याची, वडिलांची नोकरी दुसऱ्याने लावलेली. काळाकोट यांनी लिहिलेली ती गाडी वाचून हे आठवलं. मदत खरी होती हो, अगदी मनापासूनची. पण मदत करणाऱ्याला पुढे नाही म्हणता येत नाही.

मी दशांशाचा, म्हणजे मंडळीला द्यायच्या कमाईच्या दहाव्या हिश्श्याचा, हिशेब विचारला. 'जा' असं मला कोणीच म्हणालं नाही. पुढच्या रविवारी माझ्या जागी कीबोर्डवर दुसरा मुलगा बसलेला दिसला. व्हॉट्सॲपच्या ग्रुपमधून काढलं, तेही आईच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा चालू असताना. मग उपदेशात कोरहाचं बंड सुरू झालं, मोशेविरुद्ध उठला आणि जमिनीने गिळला तो. सलग कितीतरी आठवडे. नाव कोणाचंच नाही, नजरा मात्र माझ्याकडे. आईला सांगितलं गेलं, मुलासाठी प्रार्थना करा, पण त्याच्याबरोबर जेवायला बसू नका. ती माझं ताट वाढायची आणि माझं होईपर्यंत ओट्याशी पाठ करून उभी राहायची. मधेच पोळी आणून टाकायची. पाळकांचा नियमही मोडला नाही आणि मला उपाशीही ठेवलं नाही.

काळाकोट, तुम्ही म्हणता संमती. आमच्याकडे कसली घोषणा नाही, चिठ्ठी नाही, कागद नाही. मी कोणत्या कलमाखाली कुठे जायचं होतं? आणि गेलो असतो तर खोली दुसऱ्याच दिवशी सोडायला लागली असती.

निखळ_मत

वाचलं. वरचा माझा प्रतिसाद उगाच टवाळ होता, असू दे. पण एक विचारतो, आता घरच्यांशी बोलणं आहे का?

हडपसरी

आई-वडील अजून जातात. फोन होतो, रविवार सोडून.

घटनाप्रेमी

हडपसरी, वाईट वाटलं. पण माझं मत बदललं नाही, आणि तुमच्याच अनुभवामुळे ते पक्कं होतंय. तुमच्या बाबतीत नॉर्वेचा नियम काय उपयोगाचा? त्या फेलोशिपला अनुदानच नाही, अडवणार काय? तुम्हाला तेव्हा दुसरी खोली हवी होती, वडिलांना दुसरी नोकरी. म्हणजे मंडळीबाहेरचं जग. पंथावर सरकारी शिक्का बसला की आतली माणसं आणखी घट्ट होतात, 'बघा, जग आपला छळ करतंय' हे त्यांच्या शिकवणीतच बसतं. आपण त्यांना आयता पुरावा देतो.

काळाकोट यांची चिठ्ठीची रेघ मला मान्य आहे. सोडल्यावर बदनामी केलीत, धंदा बुडवायला माणसं उठवलीत, घरातून काढायला लावलंत, तर भरपाई द्या. नुसतं न बोलणं मात्र गुन्हा नाही.

ओसरीकर

तुमची रेघ मोठ्या माणसासाठी ठीक. १५ वर्षांच्या पोरीला घराबाहेर ठेवायला सांगणं हे 'नुसतं न बोलणं' नाही, आणि तिच्या संमतीला काय अर्थ? कॅल्गरीच्या खटल्यात सगळी चर्चा बापाच्या धंद्यावर झाली. ती मुलगी कोर्टात कुठे होती?

'छळाचा आयता पुरावा' हेही अर्धंच खरं. २०२४ ची ती ढील, नमस्कार चालेल वगैरे, कधी आली बघा. नॉर्वेचा खटला कोर्टात असताना. मुलांच्या चौकशीत आधी आईबापांना बरोबर घ्यायचं, हा बदलही त्याच वर्षीचा. पैसे अडवल्यामुळेच झालं असं सिद्ध करता येणार नाही, पण इतकी वर्षं देवाने सुचवलं नव्हतं ते नेमकं तेव्हाच सुचलं.

माझी मागणी आता आणखी छोटी करतो. अनुदान हवं असेल तर एकच अट: अठराच्या आत घेतलेल्या बाप्तिस्म्यावरून कोणालाही वाळीत टाकायचं नाही. बाकी त्यांचं त्यांनी बघावं.

मेरी श्रीरामपूर

ही अट मला चालेल. आमच्यातही दृढीकरणाला (लहानपणीच्या बाप्तिस्म्याला स्वतः दुजोरा द्यायचा विधी) पोरं रांगेत उभी करतात, वय झालं म्हणून. किती जणांना कळलेलं असतं देव जाणे. सोडून गेलेल्यांशी आम्ही बोलतो एवढाच फरक, आणि तो फरक मोठा आहे.

हडपसरी, कधी नगरकडे आलात तर घरी या. जेवायलाच या.

घटनाप्रेमी

अठराची अट तत्त्वतः कबूल, सही करतो. पण मग ती सगळ्यांना लावा. जैनांची बालदीक्षा, मदरसे, मुंजी, सगळं त्याच यादीत घ्या. अनुदान नाही तर करसवलतीला जोडा, आपल्याकडच्या धर्मादाय संस्थांना ती मिळतेच. यादी तुम्ही करा ओसरीकर, आणि नवीन धागा काढा. या धाग्यात ती मावणार नाही.