मॉरिशसमध्ये लहान अतिथिगृह सुरू करायचे आहे. त्यासाठी गावाकडची जमीन विकावी का?

जांबोटीकर यांचा प्रश्न

मी खानापूर तालुक्यातला. जांबोटी परिसरात गेली 9 वर्षे चार खोल्यांचा होमस्टे चालवतो. चोर्ला घाटाने गोव्याला ये-जा करणारे प्रवासी, बेळगावहून शनिवार-रविवार साधून येणारी कुटुंबे आणि पावसाळ्यात धबधब्यांच्या ओढीने येणारी तरुण मंडळी हे माझे पाहुणे. स्वयंपाक पत्नी पाहते आणि मी पाहुण्यांना रानातून फिरवून आणतो. पोट भरते, डोक्यावर कर्ज नाही. परंतु पावसाचे चार महिने वीज आणि मोबाइलची रेंज दोन्ही बेभरवशाची असतात, धबधब्यांकडे जाण्यावर बंदी आली की एका दिवसात सगळी बुकिंग रद्द होतात, आणि गेली दोन वर्षे उत्पन्न आहे तेथेच अडकले आहे.

मागील ऑक्टोबरात आम्ही दोघे 10 दिवस मॉरिशसला जाऊन आलो. तेथे एका मराठी कुटुंबाने आम्हाला जेवायला बोलावले होते. घरातील आजींना सलग मराठी बोलता येत नव्हते, पण देवासमोर उभे राहून त्यांनी आरती म्हटली तेव्हा ती शब्दाशब्दाला आमच्या घरातलीच होती. त्यांचे पूर्वज कोकणातून ऊसाच्या मळ्यांवर कामाला गेले होते, एवढेच त्यांना ठाऊक होते. त्या संध्याकाळपासून आपण येथे राहू शकू, असे मला मनापासून वाटू लागले आहे.

तेथे ओळख झालेल्या एका गृहस्थांनी समुद्राजवळचे आपले घर अतिथिगृहासाठी देण्याची आणि भागीदारीची तयारी दाखवली आहे. पाच खोल्या, सकाळचा नाश्ता आणि पाहुण्यांना प्रवाळ दाखवण्यासाठी काचेच्या तळाची एक बोट, असा विचार आहे. माझ्याकडे वडिलोपार्जित पाच एकर जमीन आहे. त्यांतील तीन एकर विकल्यास सुमारे 60 लाख रुपये हाती येतील. मुलगी नववीत आणि मुलगा पाचवीत आहे. वडील 72 वर्षांचे असून त्यांना हा विचार मान्य नाही. ते भांडत नाहीत, पण विषय निघाला की उठून गोठ्याकडे जातात.

परवाना मिळतो का, पैसे कायदेशीर मार्गाने कसे न्यावेत आणि जमीन विकणे योग्य ठरेल का, हे ज्यांना प्रत्यक्ष माहीत आहे त्यांनी कृपया सांगावे.

शहापूरकर यांचे उत्तर

मी बेळगावातील शहापूरचा. मॉरिशसच्या उत्तर किनाऱ्यावरील एका हॉटेलात 7 वर्षे काम करून 2021 साली परत आलो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आपण आधी घर पाहिले आणि परवान्याचा विचार नंतर करत आहात. तेथे हा क्रम उलटा ठेवावा लागतो. परदेशी माणसाला व्यवसाय करून राहण्यासाठी ऑक्युपेशन परमिट लागते, आणि त्याचा अर्ज इकॉनॉमिक डेव्हलपमेंट बोर्डाकडे करावा लागतो. गुंतवणूकदार म्हणून अर्ज करणाऱ्याने किमान 50 हजार अमेरिकी डॉलर बाहेरून आणावेत, ही अट गेली काही वर्षे आहे. म्हणजे आपले 45 लाखांच्या आसपास रुपये केवळ पात्र ठरण्यासाठीच लागतात. शिवाय उलाढालीच्याही अटी असतात. या अटी अर्थसंकल्पागणिक बदलतात, म्हणून अर्जाच्या दिवशीचा आकडा बोर्डाकडूनच घ्यावा. त्याखेरीज अतिथिगृहासाठी टूरिझम ऑथॉरिटीचा वेगळा परवाना लागतो, बोटीसाठी आणखी वेगळा, आणि बोट चालवणाऱ्याकडे स्किपरचा परवाना असावा लागतो. पाच खोल्यांचे अतिथिगृह आणि एक बोट हे उद्योग परदेशी व्यक्तीला किती गुंतवणुकीवर आणि कोणत्या अटींवर खुले आहेत, हा एकच प्रश्न बोर्डाला ईमेलने विचारा आणि उत्तर लेखी मिळेपर्यंत त्या गृहस्थांना एक रुपयाही देऊ नका.

घर "समुद्राजवळचे" आहे, असे आपण लिहिले आहे. तेथे भरतीच्या रेषेपासून आत सुमारे 81 मीटरचा पट्टा सरकारी मालकीचा आहे. त्याला फ्रेंच काळापासून पा जेओमेत्रिक म्हणतात. त्या पट्ट्यातील बंगले बहुधा सरकारकडून भाडेपट्ट्याने घेतलेल्या जमिनीवर उभे असतात. तेव्हा ते घर त्या गृहस्थांचे आहे की जमिनीचा केवळ भाडेपट्टा त्यांच्या नावावर आहे, भाडेपट्ट्याची किती वर्षे उरली आहेत आणि तेथे व्यवसाय करण्याची मुभा आहे का, हे नोटरीकडून तपासून घ्यावे लागेल. परदेशी नागरिकाने स्थावर मालमत्ता घेण्यावर 1975 च्या कायद्याने निर्बंध आहेत, ही गोष्टही लक्षात असू द्यावी.

आता पाहुण्यांविषयी. आपल्याला तेथे मराठी घर भेटले, गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते आणि शाळांतून मराठी शिकवली जाते, हे सगळे खरे आहे आणि मलाही त्याचा फार आधार वाटे. परंतु खोल्या भरतात त्या फ्रान्स, जवळचे रियुनियन बेट आणि ब्रिटन येथून आलेल्या लोकांमुळे. त्यांत फ्रान्सचा वाटा सर्वांत मोठा. आपण जांबोटीत मराठी, कन्नड, कोंकणी आणि हिंदी या चारही भाषांत पाहुण्यांशी बोलत असणार, त्यामुळे क्रेओल ही तेथील बोलभाषा आपल्याला सहा महिन्यांत येईल. "की मान्येर" म्हणून विचारपूस केली की तेथील माणूस लगेच मोकळा होतो. फ्रेंचला मात्र वेळ लागतो, आणि खोली आवडली नाही तर पाहुणा तक्रार फ्रेंचमध्येच करतो.

आपण ऑक्टोबरात गेलात. ऑक्टोबर ते डिसेंबर हा तेथील सर्वांत गर्दीचा आणि देखणा काळ आहे. चक्रीवादळांचा हंगाम साधारण नोव्हेंबरपासून एप्रिल-मेपर्यंत असतो आणि जोर जानेवारी ते मार्च या महिन्यांत. 2018 च्या जानेवारीत बेर्गित्ता नावाचे वादळ बेटाजवळून गेले, तेव्हा मी कामावर होतो. धोक्याच्या इशाऱ्याचे चार वर्ग असतात. तिसरा लागला की बस, दुकाने, कचेऱ्या सगळे बंद होते आणि हॉटेलचे कर्मचारी आहेत तेथेच राहतात. आम्ही दुपारपासून बागेतील खुर्च्या आणि छत्र्या उचलून पोहण्याच्या तलावात बुडवत होतो, कारण वाऱ्याने उडून काचा फोडण्यापेक्षा त्या पाण्याखाली सुरक्षित राहतात. बाथटब पाण्याने भरून ठेवले, पाव आणि मेणबत्त्या खोल्याखोल्यांतून वाटल्या. रात्रभर दारांच्या फटींतून पाणी येत होते आणि आम्ही टॉवेलने ते टिपत होतो. आमच्याकडे हे करायला साठ माणसे होती. आपल्या अतिथिगृहात आपण, वहिनी आणि दोन मुले असाल.

मी परत का आलो, तेही सांगतो. 2019 मध्ये त्या देशात सुमारे 13.8 लाख पर्यटक आले. 2020 मध्ये 3 लाख आणि 2021 मध्ये 2 लाखांहूनही कमी. 2020 च्या जुलैत आग्नेय किनाऱ्यावर वाकाशिओ जहाज प्रवाळावर चढले आणि ऑगस्टमध्ये त्यातील सुमारे हजार टन तेल खाजणात पसरले. ज्यांच्या बोटी त्याच पाण्यात चालत, त्यांच्यावर कोरोनाची साथ आणि तेल ही दोन्ही संकटे एकदम आली. आता पर्यटकांची संख्या पूर्ववत झाली आहे. परंतु आपल्याकडे पाहुणे थांबले तेव्हा आपण भात लावला असेल, दूध घातले असेल. भाड्याच्या घरात, परक्या देशात आपल्याला तो आधार नसेल.

माझे मत असे की आपण एकदा फेब्रुवारीत जावे आणि हॉटेलात न राहता एखाद्या लहान अतिथिगृहात राहून मालकाचे काम जवळून पाहावे. भारतीयांना पर्यटक म्हणून व्हिसासाठी आधी अर्ज करावा लागत नाही. त्या मुक्कामात पगारी काम मात्र करू नये.

टिळकवाडीतील एक लेखापाल

परवान्याविषयी वर नेमके लिहिले आहे, मी केवळ पैशांविषयी लिहिते.

रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेखाली निवासी व्यक्तीला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम बाहेर पाठवता येते. आपली गरज त्या मर्यादेत बसते. मात्र परदेशी कंपनीत स्वतःचे भांडवल घालणे ही थेट गुंतवणूक ठरते आणि तिला ऑगस्ट 2022 चे परदेशी गुंतवणुकीचे नियम लागू होतात. पैसे पाठवण्यापूर्वी बँकेत फॉर्म एफसी भरून त्या गुंतवणुकीचा विशिष्ट क्रमांक घ्यावा लागतो, सहा महिन्यांच्या आत भागभांडवलाचा पुरावा द्यावा लागतो आणि पुढे दरवर्षी 31 डिसेंबरपर्यंत कामगिरीचा अहवाल सादर करावा लागतो. लहान शाखांतून हे फॉर्म क्वचितच भरले जातात, त्यामुळे परकीय चलनाचे व्यवहार करणाऱ्या शाखेतच जावे. "मित्राच्या खात्यावर घाला, तो तिकडे देईल" असे कोणी सुचवल्यास त्या वाटेने मुळीच जाऊ नये. तो पैसा पुढे आपला म्हणून सिद्ध करता येत नाही, आणि परमिटसाठी तर तो बँकेमार्फत बाहेरून आल्याचाच पुरावा लागतो.

वर्षभरात 10 लाखांच्या वर पाठवलेल्या रकमेवर बँक 20 टक्के कर उगमस्थानी गोळा करते. आपण 45 लाख पाठवलेत तर 35 लाखांवर 7 लाख रुपये त्याच दिवशी वेगळे द्यावे लागतील. विवरणपत्र भरल्यावर ते आपल्या करात वळते होतात किंवा परत मिळतात. परंतु तोपर्यंत अडकून राहतात, आणि नव्या उद्योगाच्या पहिल्या वर्षात 7 लाखांची ओढ मोठी असते. बँका या कारणासाठी कर्ज देत नाहीत, हेही लक्षात घ्यावे.

आता जमीन. आपली जमीन कायद्याच्या व्याख्येप्रमाणे ग्रामीण शेतजमीन असेल, तर विक्रीवर भांडवली नफ्याचा कर लागणार नाही, त्यामुळे विकणे सोपे वाटेल. पण व्यवसायासाठी परदेशी स्थायिक झालात की परकीय चलनाविषयीच्या फेमा कायद्यानुसार आपण अनिवासी ठराल, आणि अनिवासी भारतीयाला शेतजमीन विकत घेता येत नाही. आहे ती ठेवता येते, वारसाने आलेली घेता येते, खरेदी मात्र नाही. म्हणजे चार वर्षांनी तेथे जम बसला, हाती पैसा आला आणि वडिलांच्या समाधानासाठी तीच तीन एकर परत घ्यावी असे वाटले, तरी परत येऊन निवासी होईपर्यंत ते शक्य होणार नाही. वडील गोठ्याकडे का जातात, याचा आपणही एकदा शांतपणे विचार करावा.

मुलीविषयी एक सूचना. तेथील शालेय वर्ष जानेवारीत सुरू होते आणि परीक्षा केंब्रिजच्या असतात. तिची दहावी येथेच पूर्ण होऊ द्यावी.

निपाणीची लेक

जांबोटीकर दादा, माझ्या धाकट्या दिरांनी मालदीवमध्ये असाच प्रयत्न केला होता. तेथे 2009 नंतर लोकवस्तीच्या बेटांवरही अतिथिगृहे काढण्यास मुभा मिळाली आणि माफुशीसारखी बेटे त्यावर उभी राहिली. दिरांना ओळखीच्या एका गृहस्थांनी सांगितले की सगळे माझ्या नावावर करू, आपण दोघांत कागद करू. कागद झाला, तो दिवेही भाषेत, उजवीकडून डावीकडे लिहिल्या जाणाऱ्या थाना लिपीत. दिरांनी सही केली आणि 18 लाख रुपये दिले. पहिला हंगाम बरा गेला. दुसऱ्या वर्षी त्यांना सांगण्यात आले की कागदाप्रमाणे तुम्ही येथे भागीदार नसून केवळ उसने पैसे देणारे आहात, आणि परतफेडीची मुदत त्यात लिहिलेलीच नाही.

आपल्या भागात जमिनीचा उतारा कन्नडमध्ये येतो, तेव्हा ज्यांना वाचता येत नाही ते शेजारच्या जाणत्या माणसाकडून ओळ न् ओळ वाचून घेतात. माझ्या सासऱ्यांनी तसे केल्याशिवाय आयुष्यात कधी सही केली नाही. त्याच घरातल्या मुलाने परदेशात तशी सही केली, कारण समोरचा माणूस फार गोड बोलत होता आणि रोज जेवायला घालत होता. आपले गृहस्थ तसेच असतील असे मी म्हणत नाही. परंतु मॉरिशसमध्ये करारनामा फ्रेंचमध्ये असण्याची शक्यता आहे. तो आपण नेमलेल्या, आपण फी दिलेल्या माणसाकडून वाचून घ्यावा. वहिनींनाही त्या बैठकीस न्यावे. माझ्या जावेला शेवटपर्यंत रक्कम किती होती हेच सांगितले गेले नव्हते.

जांबोटीकर

सर्वांचे मनापासून आभार. निपाणीच्या ताई, आपले उत्तर मी पत्नीला मोठ्याने वाचून दाखवले.

मी इकॉनॉमिक डेव्हलपमेंट बोर्डाला काल ईमेल पाठवला आहे, खोल्यांची संख्या, बोट आणि गुंतवणुकीची रक्कम स्पष्ट लिहून. त्या गृहस्थांनाही जमिनीच्या भाडेपट्ट्याची प्रत मागितली. त्यांनी "आपल्यात कागद कशाला" असे उत्तर दिले आहे, आणि ताईंचे उत्तर वाचल्यानंतर ते वाक्य मला वेगळे ऐकू आले. प्रत येत नाही तोवर त्यांच्याशी पुढे बोलणार नाही.

जमीन विकण्याचा विचार मी थांबवला आहे. वडिलांना तसे सांगितले तेव्हा ते काही बोलले नाहीत, पण रात्री जेवताना त्यांनी प्रथमच विचारले की त्या बेटावर भात पिकतो का. मी ऊस पिकतो असे सांगितल्यावर पाणी कोठून देतात, असेही विचारले.

फेब्रुवारीत मी एकटा तीन आठवड्यांसाठी जात आहे. तोवर होमस्टे पत्नी आणि शेजारच्या काकू सांभाळतील. त्या काकूच आमच्याकडे भाकरी करतात, दूधही त्यांच्याकडूनच येते, आणि तिकडे गेल्यावर त्यांच्या जागी कोण असेल हा प्रश्न शहापूरकरांचे उत्तर वाचल्यापासून माझ्या मनातून जात नाही.

एक विचारणा उरली आहे. बेळगावात किंवा खानापुरात प्रौढांना संध्याकाळी फ्रेंच शिकवणारे कोणी आहे का? आठवड्यातून दोन दिवस जांबोटीहून येण्याची माझी तयारी आहे, मात्र शेवटच्या बसने परतता येईल अशी वेळ हवी.