थंड गाडीला सेल्फ मारला की टाइमिंग चेन खडखडते, नुसता टेन्शनर (चेन ताणून ठेवणारा भाग) बदलून भागेल का?

पलासियाचा_डिझेलवाला
नमस्कार मंडळी, बाबांची जुनी हॅचबॅक आहे, तेच १२४८ सीसीचं १.३ डिझेल जे अर्ध्या देशाच्या गाड्यांत बसलंय. सकाळी सेल्फ मारला की पुलीच्या बाजूने दोन-चार सेकंद खडखडखड आणि मग एकदम गप्प. आधी फक्त थंडीत यायचा आवाज, आता रोज येतो, आणि हल्ली गाडी गरम झाल्यावर आयडलिंगला पण हलकी किणकिण ऐकू येऊन राहिलीय. पिकअप ठीक, धूर नाही, चेक इंजिनची लाइट नाही. इंदुरात छोट्या ग्वालटोलीतला एक मिस्त्री म्हणतो "भिया, टेन्शनर डाल देते हैं, चेन तो लाइफटाइम आती है", दुसरा म्हणतो पूर्ण किट (चेनसकट सगळे भाग) टाकणार असाल तर हात लावतो नाहीतर न्या गाडी. दोघांच्या बिलात भरपूर फरक आहे. दिवाळीला नाशिकला जायचंय, मध्ये बिजासनचा घाट, आणि आरसीची पंधरा वर्षं संपत आलीत त्यामुळे बाबांचं म्हणणं की म्हाताऱ्या गाडीवर एवढा खर्च कशाला. काय करू?

पाना_नंबर_तेरा
आधी चेनच वाजतेय ना ते बघ रे. फॅन बेल्ट काढून थंड गाडी स्टार्ट कर, पण अर्धा मिनिटच, कारण वॉटर पंप त्याच बेल्टवर आहे. आवाज गेला तर अल्टरनेटर नाहीतर आयडलरचं बेअरिंग, स्वस्तात सुटलास. राहिला तर लांब स्क्रू ड्रायव्हर टाइमिंग कव्हरला टेकवून मूठ कानाला लाव, आत कुठे घासतंय ते साफ कळतं (बाही सांभाळ, पुली फिरत असते). आणि लाइट नसली तरी स्कॅनर लावून घे. पी००१६ हा कोड पेंडिंगमध्ये पडलेला असेल तर क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा) आणि कॅम (वाल्व उघडणारा दांडा) यांचा चेनने राखलेला मेळ सुटलाय, मग गाडी चालवत गॅरेजला पण नेऊ नकोस, टो कर. कोड नाही म्हणजे चेन चांगली असं मात्र नाही हं.

चिमणबाग_गॅरेज
वर सांगितलंय ते बरोबर, पण तू जे लिहिलंयस त्यावरून मला तरी चेनच वाटते. ह्यात टेन्शनर हायड्रॉलिक आहे, इंजिनच्या ऑइलच्या दाबावर चालतो. रात्रभर उभ्या गाडीत त्यातलं ऑइल उतरतं, सकाळी दाब येईपर्यंत चेन सैल, म्हणून खडखड. तिथवर टेन्शनरवर संशय घेता येतो. पण गरम गाडीत, दाब असतानाही किणकिण येतेय म्हणजे टेन्शनरचा प्लंजर (दट्ट्या) जेवढा बाहेर येऊ शकतो तेवढा आलाय आणि तरी चेन ढिली आहे. अशा चेनवर नवा टेन्शनर बसवला तर तोही पहिल्या दिवसापासून ताणूनच बसणार.

चेन "लांब होते" म्हणतात ते लोखंड ताणलं जातं म्हणून नाही, प्रत्येक कडीतली पिन आणि बुश घासतात, केसभर केसभर करत सगळ्या कड्यांचं मिळून अंतर वाढतं. डिझेलचं ऑइल काजळीने काळं होतं आणि ती काजळीच पॉलिश पेपरसारखं काम करते. लाइफटाइम म्हणजे ऑइल वेळेवर बदललं तर लाइफटाइम. ५डब्ल्यू-३० च्या जागी कोणी जाड ऑइल घातलं असेल तर ते सकाळी टेन्शनरपर्यंत पोचायलाच वेळ लावतं, आवाज दाबायला म्हणून जाड ऑइल सुचवणाऱ्याचं ऐकू नकोस.

मजुरीचं म्हणशील तर टेन्शनर कव्हरच्या आत आहे, म्हणजे त्या एका नगासाठी पण इंजिनला खालून जॅक, त्या बाजूचं फाउंडेशन (इंजिनचा आधार) बाहेर, ऑइल चेंबर (खालचं ऑइलचं भांडं) बाहेर, मग कव्हर. एवढं उघडून जुनी चेन परत बसवायची? चेन, दोन्ही गाइड (चेन ज्यांवरून सरकते त्या पट्ट्या), टेन्शनर, गराऱ्या (चेनची दातेरी चाकं), पुढचं ऑइल सील, सगळं एकदम.

राजवाडा_ते_राऊ
त्यापेक्षा देवास नाक्यावर बघा कोणाकडे सेकंड हँड इंजिन मिळतंय का, कटकट नको

चिमणबाग_गॅरेज
आणि त्या इंजिनात चेन कोणती असणार? तीही तेवढीच जुनी. कंप्रेशन चांगलं असताना इंजिन बदलायचं काही कारण नाही.

पलासियाचा_डिझेलवाला
बेल्ट काढून बघितलं, आवाज तसाच. कोड काही नाही. बाबांना विचारलं चेन तुटली तर काय होतं, तेच आधी सांगा म्हणाले 😅

चिमणबाग_गॅरेज
बाबांना नमस्कार सांग. चेन दात सोडून सरकली किंवा तुटली तर पिस्टन वर येऊन उघड्या वाल्वला ठोकतो. नशीब असलं तर ह्या इंजिनात रॉकर (वाल्व दाबणारे तुकडे) तुटून वाल्व वाचतात, नसलं तर हेड उतरवा. तेही घाटात झालं तर टो वेगळा. किट त्यापुढे कितीतरी स्वस्त पडतं.

मिस्त्रीजवळ उभा राहा आणि एवढं बघ. क्रँकवरच्या मोठ्या बोल्टचे आटे उलटे आहेत, घड्याळाच्या दिशेने फिरवला की सैल होतो, हे माहीत नसलेला माणूस लांब पाइप लावून तो अजून आवळतो. क्रँक आणि कॅम दोन्ही लॉक करायच्या पिना त्याच्याकडे आहेत का विचार, व्हाइटनरच्या खुणा करून काम करणारा असेल तर दुसरा शोध. टेन्शनर दाबून पिन घातलेला येतो, ती पिन सगळं बसल्यावरच काढायची. मग इंजिन हाताने क्रँकचे पूर्ण दोन फेरे फिरवून पिना परत बसतात का बघायचं. दोन अशासाठी की क्रँक दोनदा फिरतो तेव्हा कॅम एकदा. कव्हरला सिलिकॉन बारीक लावायला सांग, जास्तीचं आत गळून पडतं आणि ऑइलच्या जाळीत जाऊन बसतं.

पलासियाचा_डिझेलवाला
उघडली काल. बाबा स्वतः स्टूल टाकून बसले होते तिथे. गाइडच्या प्लास्टिकवर चेनने दोन नाल्या पाडल्यात, नख अडकतं एवढ्या, आणि टोकाचा एक तुकडा गायब. तो सापडला चेंबरच्या जाळीत, सोबत काळा गाळ. जुनी चेन आडवी धरली तर कमानीसारखी खाली वाकते, नवी तशीच धरली तर जवळपास सरळ राहते, ते बघून बाबांनी टेन्शनरवाल्या मिस्त्रीचं नाव काढणं सोडलं. उद्या बंद करणार, स्टार्ट करताना काही काळजी?

पाना_नंबर_तेरा
इंजेक्टरचे कनेक्टर काढून आधी नुसता सेल्फ मारा थोडा थोडा, ऑइलची लाइट विझेपर्यंत, मग कनेक्टर लावून स्टार्ट. कोड पडतील, पुसून टाका. पहिल्यांदा टेन्शनर भरेपर्यंत थोडं वाजेल, रेस देऊ नका.

चिमणबाग_गॅरेज
जाळीत गाळ होता म्हणतोस तर आत्ता घालशील ते ऑइल हजारेक किलोमीटरवर फिल्टरसकट काढून टाक, तीन-सव्वातीन लिटरचा तर प्रश्न आहे. नाशिकला जायच्या आधीच बसेल ते. आणि जुना तुकडा गाइडला जोडून बघ पूर्ण होतोय का, नाही झाला तर कव्हर बंद करू देऊ नकोस.